चालणं माणसाचं, ओझं यंत्राचं

गोल्फच्या एका स्टिकचं वजन तीनशे ते साडेपाचशे ग्रॅम असतं. एकटी हातात घेतली तर ती जड वाटत नाही. पण नियमानुसार खेळाडूला १४ स्टिक बाळगता येतात, आणि बहुतेक जण चौदाच्या चौदा बाळगतात. त्यांचंच वजन साडेपाच किलोंच्या आसपास भरतं. त्यात पिशवीचे स्वतःचे दोन ते चार किलो, डझनभर चेंडू, पाण्याची बाटली, थोडं खाणं, टॉवेल, हातमोजे. ब्रिटनमध्ये खेळायचं तर मोठी छत्री आणि पावसात घालायचं जाकीट-पँटही हवी, कारण तिथलं आकाश चार तास एकसारखं राहील याची खात्री नसते. सगळी बेरीज अकरा ते चौदा किलोंवर जाते.

हे ओझं घेऊन अठरा होलची एक फेरी पूर्ण करायची असते. मैदानाची लांबी कागदावर साडेपाच ते साडेसहा किलोमीटर असली, तरी चेंडूमागे डावीउजवीकडे जाणं आणि एका होलवरून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत पोचणं धरलं तर चालणं आठ ते दहा किलोमीटर होतं. त्याला चार तासांच्या आसपास वेळ लागतो. वाट गवताची, अनेकदा ओली आणि बहुतेक ठिकाणी चढउताराची असते.

मग हे ओझं वाहायचं कोणी? गोल्फच्या इतिहासाने या प्रश्नाची चार उत्तरं दिली: मदतनीस, स्वतःचा खांदा, हाताने ढकलायची चाकं, आणि गेल्या चाळीसेक वर्षांत बॅटरीवर चालणारी ट्रॉली. ब्रिटनच्या कुठल्याही साध्या क्लबवर आज ही चौथी सोय सर्रास दिसते. तिच्याबद्दलचा वादही तितकाच सर्रास ऐकू येतो. एक गट म्हणतो, हिच्यामुळे माझं खेळणं सुरू राहिलं. दुसरा म्हणतो, पिशवी उचलता येत नसेल तर खेळता कशाला, हा तर पैशाचा देखावा.

वाद क्रीडासाहित्याचा वाटला तरी त्यातला प्रश्न मोठा आहे. श्रम कमी करणारं यंत्र उपयोगी कधी आणि निव्वळ मिरवण्याचं कधी, हे ठरवायचं कशावरून? या प्रकरणात आपण गोल्फच्या ट्रॉलीच्या निमित्ताने तो प्रश्न तपासून पाहू.

कॅडीचा काळ

स्कॉटलंडमध्ये गोल्फ रुजला तेव्हा पिशवीच नव्हती. मोजक्या स्टिक बगलेत धरून खेळाडूबरोबर चालणारा माणूस म्हणजे कॅडी. एडिंबरोजवळच्या लीथच्या मैदानावर १६८१-८२च्या सुमारास ड्यूक ऑफ यॉर्कसाठी, म्हणजे पुढे दुसरा जेम्स म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्रासाठी, अँड्र्यू डिक्सन या मुलाने स्टिक वाहिल्या असं सांगितलं जातं. नावानिशी माहीत असलेला पहिला कॅडी म्हणून गोल्फच्या इतिहासात त्याचा उल्लेख होतो.

कॅडीचं काम नुसत्या हमालीचं नव्हतं. चेंडू कुठे पडला हे पाहणं, वारा ओळखणं, कुठली स्टिक वापरावी याचा सल्ला देणं, हे सगळं त्याच्याकडे असे. मैदानाची जमीन त्याला खेळाडूपेक्षा जास्त माहीत असायची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पिशवी वापरात आली आणि ओझं वाढायला लागलं. पिशवीत जागा आहे म्हटल्यावर स्टिकही वाढल्या. १९३४ आणि १९३५ अशी सलग दोन वर्षं ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकणारा अमेरिकन खेळाडू लॉसन लिटल वीसपंचवीसहून अधिक स्टिक घेऊन खेळत असे. अखेर अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९३८ मध्ये आणि सेंट अँड्रूजच्या ‘आर अँड ए’ या संस्थेने १९३९ मध्ये १४ स्टिकची मर्यादा घातली. ओझ्याला बांध घालणारा हा नियम आजही तसाच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधलं चित्र पालटलं. मजुरी वाढली, मुलं शाळेत टिकू लागली, इतर रोजगार मिळू लागले. साध्या क्लबवरून कॅडी दिसेनासा झाला. सेंट अँड्रूज, कार्नूस्टी, टर्नबेरी अशा नामांकित मैदानांवर तो आजही भेटतो, पण त्याची फी आणि बक्षिसी मिळून एका फेरीचा खर्च शंभर पौंडांच्या घरात जाऊ शकतो. दर शनिवारी खेळणाऱ्या शिक्षकाला किंवा निवृत्त पोस्टमनला हे परवडणारं नाही. त्याच्यापुढे दोनच वाटा उरल्या: पिशवी खांद्यावर घेणं किंवा दोन चाकांच्या गाड्यावर बांधून ओढणं.

भारतात हा प्रश्न वेगळा आहे. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब असो की पुण्यात येरवड्याचं मैदान, खेळाडूबरोबर कॅडी असणं आपल्याकडे गृहीतच धरलेलं असतं. त्या कामावर अनेक घरं चालतात आणि त्यातून खेळाडूही घडले आहेत. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून सुरुवात करणाऱ्या अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली. म्हणून आपल्याकडच्या मैदानावर इलेक्ट्रिक ट्रॉली आली तर ती कुणाची तरी रोजी हिरावेल, ही शंका रास्त ठरते. ब्रिटनमध्ये ती रोजी ट्रॉली येण्याआधीच आटली होती. तिथे यंत्राने माणसाची जागा घेतली नाही. रिकाम्या झालेल्या जागी ते येऊन उभं राहिलं. एखादं यंत्र योग्य की अयोग्य, याचा निवाडा समाज सोडून करता येत नाही, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

ट्रॉलीच्या पोटात काय असतं

ब्रिटनमध्ये इलेक्ट्रिक ट्रॉलीचं नाव घरोघर पोचवलं ते केंट परगण्यातल्या पॉवाकॅडी या कंपनीने. तिची सुरुवात १९८३ची. २००३ मध्ये स्ट्युअर्ट गोल्फ आणि २००४ मध्ये मोटोकॅडी याही ब्रिटिश कंपन्या या क्षेत्रात उतरल्या. गोल्फची ही एक शाखा अशी आहे की जिची वाढ मुख्यतः ब्रिटनमध्ये झाली, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेत चारचाकी बग्गीत बसून खेळण्याची पद्धत फोफावली. ब्रिटनमध्ये चालत खेळणं हाच गोल्फचा खरा प्रकार मानला गेला. चालायचं तर आहे पण ओझं नको, अशी गरज जिथे होती तिथेच हे यंत्र वाढलं.

यंत्र साधंच आहे. तीन चाकांचा घडीचा सांगाडा, मागच्या आसाशी जोडलेली सुमारे दोनशे वॉटची मोटर, वेग बदलायला मुठीपाशी एक गोल बटण आणि खाली बॅटरी. सुरुवातीच्या ट्रॉलीत शिसं आणि आम्लाची बॅटरी असे. तिचंच वजन दहा किलोंच्या आसपास. पिशवीचं ओझं टाळायचं आणि गाडीच्या डिकीतून तेवढ्याच वजनाची बॅटरी उचलायची, असा उलटा व्यवहार व्हायचा. वाकून वजन उचलण्याचा त्रास ज्यांना जास्त, त्या वयस्करांसाठीच ही सोय होती, त्यामुळे ही अडचण लहान नव्हती.

लिथियम बॅटरीने ती सोडवली. तेवढंच काम करणारी लिथियम बॅटरी अडीच-तीन किलोंची असते, जास्त वर्षं टिकते आणि शेवटच्या होलपर्यंत जोर कमी होऊ देत नाही. गेल्या दीडेक दशकात ट्रॉलीचा प्रसार झाला त्यामागे मोटरपेक्षा या बॅटरीचा वाटा मोठा आहे.

किती शक्ती लागते याचा अंदाज आपणही काढू शकतो. पिशवी, सांगाडा आणि बॅटरी मिळून २५ किलो धरू. दहा मीटरला एक मीटर चढ असेल तर वर खेचायला सुमारे २५ न्यूटन बल लागतं. गवताच्या घर्षणासाठी आणखी बारा ते वीस न्यूटन धरू. एकूण चाळीसेक न्यूटन, म्हणजे चार किलो वजन उचलून धरायला लागेल तेवढा जोर. माणसाच्या चालीने हे काम करायला पन्नासेक वॉट पुरतात. मोटर दोनशे वॉटची असल्यामुळे तीव्र चढ आणि चिखल यांसाठी शिल्लक राहते. सपाट आणि चढ यांची सरासरी काढली तर पूर्ण फेरीत बॅटरीतून शंभरेक वॉट-तास खर्च होतात. अठरा होलसाठी विकली जाणारी बॅटरी साधारण दोनशे वॉट-तासांची असते. ती पूर्ण भरायला पाव युनिट वीज लागते. युनिटला २५ पेन्सच्या आसपास दर धरला तर बॅटरी पूर्ण भरायची वीज सहा-सात पेन्समध्ये येते.

चार किलोंचा जोर, पन्नास वॉट, सात पेन्स. आकडे फारच किरकोळ वाटतात. मग एवढ्याशा कामासाठी यंत्र हवंच कशाला? याचं उत्तर मोटरकडे नाही, ते शरीराकडे आहे.

शरीराचा हिशेब

कोलोरॅडोतल्या डेन्व्हर इथे नील वोल्कोडॉफ या संशोधकाने २००८ मध्ये हा प्रश्न मोजून पाहिला. मोजक्या खेळाडूंना त्याने डोंगराळ मैदानावर चार प्रकारे नऊ-नऊ होल खेळायला लावलं: पिशवी खांद्यावर घेऊन, ढकलगाडी घेऊन, कॅडीसोबत आणि बग्गीत बसून. नऊ होलांत खर्च झालेली ऊर्जा अशी होती: खांद्यावर पिशवी आणि ढकलगाडी या दोन्हींत सुमारे ७२० कॅलरी, कॅडीसोबत सुमारे ६१०, बग्गीत सुमारे ४१०.

कॅडीसोबत चालणारा खेळाडू स्वतः काहीच उचलत नाही आणि ढकलतही नाही. इलेक्ट्रिक ट्रॉली घेऊन चालणाऱ्याची स्थिती जवळजवळ तीच असते. म्हणून कॅडीच्या आकड्यावरून आपण ट्रॉलीचा अंदाज बांधू शकतो. ओझं टाकून दिलं तर शरीराचे श्रम पंधरा टक्क्यांच्या आसपास घटतात. बग्गीत बसलं तर चाळीस टक्क्यांहून अधिक घटतात. म्हणजे या खेळातल्या व्यायामाचा मोठा भाग ओझ्यात नाही, चालण्यात आहे. ट्रॉली घेणाऱ्याला ‘आळशी’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आपल्याला हे कळायला अवघड जाऊ नये. पंढरीच्या वारीत वारकऱ्याचं गाठोडं, तंबू आणि शिधा दिंडीच्या ट्रकमधून पुढच्या मुक्कामाला जातो. म्हणून त्याची वारी पायी झाली नाही असं कुणी म्हणत नाही. वारी पायांनी होते. गोल्फही पायांनी आणि हातांनी होतो, खांद्याने नाही.

याच प्रयोगात दुसरी गोष्टही दिसली. चार प्रकारांत खांद्यावर पिशवी घेऊन झालेला खेळ सर्वांत कच्चा होता आणि ढकलगाडी घेऊन झालेला सर्वांत चांगला. वोल्कोडॉफने कारण दिलं ते स्नायूंच्या थकव्याचं. चढावर ओझं घेऊन शरीर एका मर्यादेपलीकडे दमलं की नाजूक हालचालींवरचा ताबा सुटतो, आणि गोल्फचा फटका तर नाजूक हालचालींचाच असतो. खेळाडू मोजके होते म्हणून हे आकडे अंतिम मानता येणार नाहीत. पण ते सुचवतात ती दिशा रोजच्या अनुभवाशी जुळते.

तिसरा मुद्दा पाठीचा. हौशी गोल्फरना सर्वांत जास्त त्रास पाठीच्या खालच्या भागात, म्हणजे कमरेत होतो. फटका मारताना मणक्याला जोराचा पीळ बसतो, आणि एका फेरीत सरावाचे फटके धरून असे पीळ शंभरच्या पुढे जाऊ शकतात. त्या पाठीवर चार तास बारा किलो लटकवायचे, ते प्रत्येक फटक्याआधी खाली ठेवायचे, फटका झाला की उचलायचे. सत्तर किलोंच्या माणसासाठी बारा किलो म्हणजे त्याच्या वजनाचा सहावा हिस्सा. एका हाताने मागे ओढायची गाडीही पाठीला सोयीची नाही, कारण चार तास धड एका बाजूला वळलेलं राहतं. पुढे ढकलायची तीनचाकी गाडी त्यापेक्षा बरी, आणि चढ फार असतील तर मोटरची गाडी आणखी बरी.

एकूण आरोग्याचं बोलायचं तर स्वीडनमधला अभ्यास प्रसिद्ध आहे. तिथल्या करोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी तीन लाखांहून अधिक गोल्फरांच्या नोंदी तपासल्या. त्याच वयाच्या, लिंगाच्या आणि आर्थिक स्तराच्या इतर लोकांच्या तुलनेत गोल्फरांचं मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्के कमी आढळलं. हे आयुष्य पाचेक वर्षांनी वाढण्याइतकं आहे. अर्थात प्रकृती चांगली असलेलीच माणसं गोल्फ खेळत राहतात, हा भाग त्यात असणारच. एडिंबरो विद्यापीठाचे डॉ. अँड्र्यू मरे आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये जगभरातल्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यातही गोल्फ आणि हृदय, श्वसन व चयापचयाचं आरोग्य यांचा चांगला संबंध दिसला. फिनलंडमध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात पासष्टी ओलांडलेल्या २५ निरोगी गोल्फरांकडून अठरा होल, सहा किलोमीटर साधं चालणं आणि सहा किलोमीटर काठ्या घेऊन चालणं असं तिन्ही करून घेतलं. गोल्फची तीव्रता कमी असूनही रक्तातली साखर आणि मेदाच्या प्रमाणावर त्याचा परिणाम अधिक चांगला दिसला, कारण ते चालणं जास्त वेळ चालतं.

म्हणजे लाभ मिळतो तो वर्षानुवर्षं, आठवड्यामागून आठवडे, लांब चालत राहण्यातून. गुडघे कुरकुरू लागलेल्या पासष्ट वर्षांच्या माणसापुढे खरी निवड ‘खांदा की ट्रॉली’ अशी नसते. ती असते ‘ट्रॉली, बग्गी की घरी बसणं’ अशी. त्याला आणखी दहा वर्षं पायी खेळवत ठेवणारं यंत्र देखाव्याचं म्हणणं अन्यायाचं आहे.

जमिनीची बाजू

मैदानाचं मतही विचारात घ्यायला हवं. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत, विशेषतः अंतर्भागात, जमीन चिकणमातीची आहे. हिवाळ्यात तिच्यात पाणी साचतं. अशा ओल्या मातीवरून चाकं फिरली की ती दबते, तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या मिटतात, पाणी मुरत नाही आणि वसंतात तिथे गवत धरत नाही. चाक घसरून जागच्या जागी फिरलं तर गवताची सालही निघते. म्हणून अनेक क्लब अतिओल्या दिवशी ट्रॉलीवर बंदी घालतात. त्या दिवशी पिशवी खांद्यावर घ्यायची नाहीतर घरी थांबायचं.

त्यावर एक तोडगा निघाला. चाकाला प्लॅस्टिकच्या बोथट काट्यांचं वेष्टन बसवायचं. त्या नावाच्या छोट्या काटेरी प्राण्यासारखं दिसतं म्हणून तिथले लोक त्याला ‘हेजहॉग’ म्हणतात. चाक सलग पट्ट्याने जमिनीवर टेकण्याऐवजी ठिपक्याठिपक्यांनी टेकतं, त्यामुळे गवत कमी चोळवटतं. हिवाळ्यात ट्रॉली आणायची तर हेजहॉग चाकंच हवीत, असा नियम अनेक क्लबांवर असतो.

समुद्रकाठची मैदानं वेगळी. स्कॉटलंडची जुनी मैदानं वाळूच्या जमिनीवर आहेत, पाणी चटकन निचरून जातं. तरीही तिथे परंपरा चालण्याची आहे. सेंट अँड्रूजचा ओल्ड कोर्स ही सार्वजनिक जमीन आहे. १९७४च्या कायद्याने तिचा कारभार एका न्यासाकडे आहे आणि रविवारी तो सहसा खेळासाठी बंद ठेवून लोकांना फिरायला खुला असतो. तिथे ट्रॉलीवर वेळेची बंधनं राहिली आहेत आणि बग्गीला सरसकट परवानगी नाही. जमीन आधी, खेळाडूची सोय नंतर, हा तिथला क्रम आहे, आणि तो योग्य आहे.

फक्त हा क्रम माणुसकी सोडून लावता येत नाही. अपंगत्व असलेल्या खेळाडूसाठी वाजवी सोय करणं ब्रिटनमध्ये २०१०च्या समानता कायद्याने बंधनकारक आहे. अमेरिकेत २००१ मध्ये केसी मार्टिन या पायाच्या गंभीर विकाराने त्रस्त व्यावसायिक खेळाडूला बग्गी वापरू द्यावी, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी दिला. खेळाचा गाभा चेंडू होलमध्ये घालण्यात आहे, असं न्यायालयाने धरलं. एकाच्या शरीराची मर्यादा ही दुसऱ्याने शौर्य ठरवण्याची मोजपट्टी होऊ शकत नाही.

देखावा कुठे सुरू होतो

आता पैशाकडे वळू. हाताने ढकलायची चांगली गाडी साधारण शंभर ते अडीचशे पौंडांत येते. मोटरची साधी ट्रॉली चारशेच्या पुढे, सोयीची सहाशे ते हजारच्या दरम्यान. खेळाडूमागे आपोआप चालत येणाऱ्या ट्रॉलीची किंमत मात्र दीड-दोन हजार पौंडांवर जाते. स्ट्युअर्ट गोल्फच्या ट्रॉली या प्रकारासाठी ओळखल्या जातात. खिशातल्या छोट्या उपकरणाचा ब्लूटूथ संदेश ओळखून ट्रॉली ठरावीक अंतर राखत मागे येते.

सहाशे पौंडांची ट्रॉली पाच वर्षं टिकली आणि वर्षाला चाळीस फेऱ्या झाल्या, तर फेरीमागे तीन पौंड पडतात. बग्गीच्या एका फेरीचं भाडं याच्या कितीतरी पट असतं. नियमित खेळणाऱ्याला हा खर्च वाजवी आहे. वर्षातून चारदा खेळणाऱ्याने मात्र तीच ट्रॉली घेतली तर फेरीमागे तीस पौंड पडतील. त्याने क्लबवरून भाड्याने घेणं शहाणपणाचं.

सोयींची यादी दुकानात लांबलचक असते. त्यांतल्या दोन खरोखर कामाच्या. उतारावर वेग धरून ठेवणारा ब्रेक ही पहिली, कारण पंचवीस किलोंची गाडी उतारावर सुटली तर माणसाला आणि पाण्याजवळ असेल तर गाडीलाही धोका असतो. दुसरी म्हणजे उभं राहिल्यावर चाकं अडकवणारा हातब्रेक. ठरावीक अंतर ट्रॉली एकटी पुढे पाठवण्याची सोय उपयोगी आहे, पण समोर माणसं नसतील तेव्हाच. मोठा रंगीत पडदा, मैदानाचे नकाशे, फोनवरचे निरोप या गोष्टींनी ओझं एका ग्रॅमनेही कमी होत नाही. शिवाय नियमांची अट आहे. २०१९ पासून अंतर मोजायला परवानगी असली तरी चढउतार मोजणारी सोय स्पर्धेत बंद ठेवावी लागते.

बॅटरीबाबतही खबरदारी हवी. लिथियम बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नसते. विमानप्रवासात १०० वॉट-तासांच्या वरच्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते आणि १६० वॉट-तासांच्या वरची प्रवासी विमानात नेता येत नाही. बहुतेक साध्या ट्रॉली-बॅटरी या मर्यादेच्या पुढे असतात. सुटीला परदेशात खेळायला जाणाऱ्यांनी खरेदीआधीच बॅटरीवर छापलेला आकडा पाहावा.

आणि देखावा फक्त महागड्या यंत्रानेच होतो असं नाही. पंचविशीतल्या खेळाडूने गुडघ्याला त्रास असलेल्या सोबत्यासमोर चौदा किलोंची चामडी पिशवी खांद्यावर मिरवणं हाही देखावाच, ताकदीचा. काही जुन्या क्लबांवर ‘आम्ही उचलूनच खेळतो’ याचा अभिमान बाळगला जातो. त्या अभिमानात परंपरेचं प्रेम आहे तोवर तो चांगला. दुसऱ्याला कमी लेखण्यासाठी तो वापरला तर महागड्या ट्रॉलीत आणि त्याच्यात फरक राहत नाही.

निवाडा

तेव्हा कसोटी एकच असावी: हे यंत्र चालणं टिकवतं की काढून घेतं? या कसोटीवर साधी इलेक्ट्रिक ट्रॉली उपयोगी ठरते. ती पाठीवरचं ओझं काढते, चालणं तसंच ठेवते, खेळ सुधारायला मदत करते आणि माणसाला अधिक वर्षं मैदानावर ठेवते. चढाचं मैदान असेल, वय पन्नाशीच्या पुढे असेल, पाठीचा, गुडघ्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल आणि नियमित खेळणं होत असेल, तर ती घ्यावी आणि संकोच न करता घ्यावी. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं.

तरुण, निरोगी आणि सपाट मैदानावर खेळणाऱ्याला तिची गरज नाही. त्याने सात-आठ स्टिक, दोन पट्ट्यांची हलकी पिशवी घ्यावी किंवा हाताने ढकलायची गाडी घ्यावी. ढकलगाडीत श्रम खांद्याइतकेच होतात आणि पाठ सुरक्षित राहते, तेही पाचव्या हिश्शाच्या किमतीत.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या अनेक कुटुंबांत आईवडील आता निवृत्तीच्या वयात आहेत. त्यांच्यापैकी कुणी गोल्फ खेळत असेल आणि ‘आता पिशवी झेपत नाही, सोडून देतो’ म्हणत असेल, तर त्यांना खेळ सोडू देऊ नका. क्लबवरून एकदा ट्रॉली भाड्याने घेऊन अठरा होल चालून बघायला सांगा. चालणं जमलं तर ट्रॉली घ्या, आणि तिच्या पडद्यापेक्षा तिचा ब्रेक आधी तपासा.